नांगराच्या गोष्टीत आपण कुठं?

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. तव्यावरची भाकरी मात्र करपू देऊ नका.

गेले काही महिने आमच्या बचत गटांच्या बैठकीत आम्ही एक नवी रीत पाडली आहे. हप्ते, कर्ज, वह्या आटोपल्या की अर्धा तास आपल्या सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या कारखान्याची गोष्ट सांगायची. एकदा ओगलेवाडीचा काचकारखाना आणि तिथला प्रभाकर कंदील झाला. एकदा साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नांगर आणि डिझेल इंजिनं झाली. मागच्या महिन्यात किर्लोस्करवाडीची पाळी होती. गोष्ट संपली आणि मागं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "पोरींनो, ह्यात बाया कुठं हायत?"

आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखू येत नव्हते. मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि पुढं तेच शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. तिथंच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीला विष चढेल, रान नापीक होईल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

पुढं बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन दिली, पैशाचीही मदत केली. १९१० साली तिथं कारखाना उभा राहू लागला. नुसतं निवडुंगाचं माळरान, सापांचा सुळसुळाट. आज त्याच स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी आहे.

आता आजींचा प्रश्न. आम्ही पुन्हा एकत्र बसलो आणि विचार केला.

पहिली गोष्ट कडब्याची. जनावरांची वैरण घराघरात कोण बघतं? कोयत्यानं कडबा तोडून तोडून कुणाच्या हाताला घट्टे पडतात? कडबा कापायचं यंत्र आलं, तेव्हा त्यातलं बरंचसं ओझं बाईच्याच हातावरचं उतरलं असणार.

दुसरी गोष्ट नांगराची. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलटी करत नाही. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा मातीची वडी उचलून पालथी टाकतो. खालची हराळी, कुंदा मुळासकट वर येतात आणि उन्हात वाळतात. हराळी कमी झाली म्हणजे खुरपण कमी झालं. आणि खुरपायला वाफ्यात कोण बसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट वसाहतीची. पहिल्या कामगारांबरोबर त्यांची बिऱ्हाडंही त्या माळावर आली. बिऱ्हाड म्हटलं की चूल आली, पाण्याची घागर आली, तापानं फणफणलेलं पोर आलं. बाया तिथं राहायला तयार झाल्या नसत्या, तर कामगार किती दिवस टिकले असते? भट्टी पेटायच्या आधी कितीतरी चुली पेटल्या असणार. पण बैठकीत आम्ही सांगितली ती नावं सगळी पुरुषांची होती.

चौथी गोष्ट ऐकून तर आमच्या गटातल्या बाया खूष झाल्या. ह्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि १९३० साली खास बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. नांगराच्या गावातून बायकांचं मासिक! शंकरराव किर्लोस्कर संपादक होते. घरोघरच्या बाया ते वाचू लागल्या, त्यात लिहू लागल्या.

म्हणजे बाया होत्याच. नाव लिहिलं गेलं की माणूस गोष्टीत राहतं, नाही लिहिलं की गळून जातं.

हे बोलता बोलता आमच्याच एका गटातली बाई गप्प झाली. त्यांच्या गटानं कर्ज काढून मिरची-हळद कांडायचं यंत्र घेतलंय. हप्ता बाया भरतात, मिरचीचा ठसका बाया सोसतात. पण बिल दिराच्या नावावर, विजेचा मीटर नवऱ्याच्या नावावर आणि पाटीवर मुलाचं नाव. ती म्हणाली, "शंभर वर्षांनी कुणी आमची गोष्ट सांगितली, तर त्यात आम्ही नसणारच की."

त्या रात्री घरी वाद झाला, तिनं आम्हाला सांगितलं. अजून मिटलेला नाही. पण पुढच्याच बैठकीत ठराव झाला: इथून पुढं यंत्राची सगळी खरेदी गटाच्या नावावर, पाटीवरही गटाचंच नाव. मीटर बदलायचा अर्जही लिहून झालाय.

मैत्रिणींनो, दोन कामं सांगतो. तुमच्या घरात कुणी आजी कारखान्याच्या वसाहतीत राहिल्या असतील, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांची आठवण वहीत उतरवा, वर त्यांचं पूर्ण नाव घाला. आणि आज संध्याकाळी आपल्या गटाच्या यंत्राचं बिल काढून बघा, नाव कुणाचं आहे ते.

आजींना उत्तर द्यायला आम्हाला एक महिना लागला. तुम्ही एवढा उशीर करू नका. नमस्कार.