विद्यापीठाची कर्ब-खतावणी



मी शास्त्रज्ञ नव्हें, आणि कोणत्याहि विद्यापीठाचा पदवीधर नव्हें. मॅट्रिक होऊन मास्तरकी धरली आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना पाढे व त्रैराशिक शिकवितां शिकवितां सेवानिवृत्त झालों. तेव्हां विद्यापीठानें काय करावें हें मी सांगावें, यांत थोडें धारिष्टच आहे. पण आजचा विषय मुळांत हिशेबाचा आहे, आणि मुलांचे हिशेब तपासण्यांत माझा जन्म गेला.

स्वतःच्या एका चुकीपासून आरंभ करतों. मी ज्या शाळेंत शेवटचीं आठ वर्षें होतों, तेथें दर पावसाळ्यांत वृक्षारोपण होई. जुलैंत पन्नास रोपें लागत, नोंदवहींत 'पन्नास' असा आंकडा पडे, आणि खालीं माझी सही होई. उन्हाळ्यांत शेळ्या आणि ऊन मिळून त्यांचा निकाल लावीत. पुढल्या जुलैंत त्याच खड्ड्यांत नवीं पन्नास रोपें! निरोपसमारंभाच्या दिवशीं सहज वही चाळली, तों बेरीज चारशें झाडांची. बाहेर जाऊन मोजलीं, तीं भरलीं अकरा. आणि त्यांतला एक कडुनिंब तर माझ्याहि आधींचा होता. पोरांच्या पाटीवर असला हिशेब दिसता तर मीं कान धरला असता. वहीवर मात्र आठहि वर्षें माझीच सही होती.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण माझी धाकटी पुतणी. ती आमच्याकडच्या एका महाविद्यालयांत विज्ञान शिकते. आपलें विद्यापीठ कार्बनचें उत्सर्जन कसें कमी करूं शकेल, यावर तिला निबंध लिहावयाचा होता. तिनें लिहिलें, "आमच्या विद्यापीठाभोंवतीं एवढें अरण्य आहे कीं आमचा धूर तें केव्हांच गिळून टाकतें, आम्हांस वेगळें कांहीं करण्याचें कारण नाहीं." मला म्हणाली, "काका, कसें काय जमलें?" भाषा उत्तम होती. पण मला माझी नोंदवही दिसूं लागली.

गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं नागपूर विद्यापीठांतून वेगळें होऊन गडचिरोलीस स्थापन झालें. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याचें क्षेत्र. यांपैकीं गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. हें पाहिलें म्हणजे पुतणीचें वाक्य कोणालाहि खरें वाटेल. मोठ्या माणसांनाहि वाटतें, म्हणूनच त्याची तपासणी केली पाहिजे.

पहिली गोष्ट, हें अरण्य विद्यापीठानें लावलेलें नाहीं. २०११ च्या पूर्वीं तें होतेंच. विद्यापीठ स्थापन झाल्यामुळें त्यांत जी भर पडली असेल, तेवढीच फार तर विद्यापीठाच्या नांवावर मांडतां येईल. दुसरी गोष्ट मालकीची. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं त्या गांवाच्या ग्रामसभेस सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि मागाहून जिल्ह्यांतील इतर अनेक ग्रामसभांनीं तो मिळविला. बांबू केव्हां तोडावा, तेंदूपानें कशीं विकावींत, वणवा कोणीं विझवावा, हें तीं माणसें बसून ठरवितात. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळतात, त्यांतून आग पसरते, आणि ती विझवावयास ओला डहाळा घेऊन गांवकरी धांवतात. त्यांनीं राखलेलें वन आणि आपण चालविलेली मोटार, यांची वजाबाकी करून आपल्या नांवावर शून्य मांडणें म्हणजे शेजाऱ्याच्या कणगींतलें धान्य आपल्या जमेस धरणें होय.

तिसरी गोष्ट रसायनशास्त्राची आहे, पण त्रैराशिकाएवढीच सोपी. १२ किलो कर्ब जळला म्हणजे हवेंतला ३२ किलो प्राणवायु ओढून ४४ किलो कर्बवायु तयार होतो. वाळलेल्या लांकडाच्या वजनांत सुमारें निम्मा कर्ब असतो. म्हणजे एक क्विंटल लांकूड १८० किलोंहून थोडा अधिक कर्बवायु अडवून धरतें खरें, पण तें उभें आहे तोंपर्यंतच. जळलें किंवा कुजलें कीं ठेव परत हवेंत गेली. दगडी कोळशाचें तसें नाहीं. तो कोट्यवधि वर्षें जमिनीखालीं बिनधोक पडून होता. तो आपण वर काढून जाळावयाचा आणि त्याची भरपाई उद्यां वाळवी खाईल अशा झाडानें करावयाची, हा सौदा बरोबरीचा नाहीं.

परदेशांतहि या मोहाचा अनुभव आहे. अमेरिकेच्या मेन राज्यांत कॉलेज ऑफ दि अटलांटिक म्हणून एक चिमुकलें महाविद्यालय आहे. २००७ सालीं त्यानें आपण कार्बनच्या बाबतींत निरंक झालों असें जाहीर केलें. त्यासाठीं बाहेर दुसऱ्यांनीं केलेली बचत त्यानें पैसे देऊन आपल्या खातीं घेतली होती. पुढें मात्र त्याच संस्थेनें आपल्या आवारांतलें तेल जाळणेंच बंद करण्याकडे लक्ष वळविलें. मला हें दुसरें पाऊल पहिल्याहून अधिक मोलाचें वाटतें.

तेव्हां खतावणी नीट मांडावयाची. जगांत सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणें तिच्यांत तीन खातीं असतात. आपल्या आवारांत आपण स्वतः जाळतों तें पहिलें: जनित्राचें डिझेल, भोजनगृहांतला गॅस, विद्यापीठाच्या मोटारी. विकत घेतलेली वीज हें दुसरें. आणि आपल्या कामापायीं दुसऱ्यांच्या हातून जें जळतें, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवास, कागद, बांधकामाचें सिमेंट, तें तिसरें.

पहिल्या खात्याविषयीं फार सांगावयास नको, पण एक चोर त्यांत लपलेला असतो. वातानुकूल यंत्रांत जो वायु भरतात, त्यांतला आर-४१०ए नांवाचा वायु एक किलो गळून गेला तर त्याची झळ सुमारें दोन टन कर्बवायूइतकी होते. यंत्र दुरुस्त करणारा येतो, वायु भरतो, पैसे घेऊन जातो. किती किलो भरला हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. तें लिहावें.

विजेचें खातें आपल्या जिल्ह्यांस फार जवळचें आहे. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचें. भोंवतालच्या खाणींतला कोळसा तेथें जळतो, राख तेथेंच पडते, आणि वीज तारांवरून राज्यभर जाते. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तींत चंद्रपूरचें नांव वरच्या ओळींत होतें. दुसऱ्या एखाद्या शहरांतल्या विद्यार्थ्यास दिव्याचें बटण आणि धुराडें यांचा संबंध पुस्तकांत वाचावा लागतो. चंद्रपूरच्या मुलाला तो गच्चीवरून दिसतो. देशाच्या वीजजाळ्याचा सरासरी हिशेब केला तर एका युनिटामागें सुमारें ०.७ किलो कर्बवायु पडतो.

आतां उदाहरण घेऊं. समजा, वर्ग, कचेऱ्या व वसतिगृहें मिळून ५०० पंखे आहेत. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नव्या तऱ्हेचा ३०. दिवसाला दहा तास आणि वर्षाला दोनशें दिवस धरले तर ४५,००० युनिटें वांचतात, म्हणजे ३१ टनांहून अधिक कर्बवायु. यांत कोणाचा वाराहि कमी होत नाहीं! मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. तेथें 'पंखे कमी लावा' असा उपदेश करणारा मनुष्य बहुधा थंड खोलींत बसून तो लिहीत असावा. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडक्यांना पडवी किंवा ताट्या असाव्यात; आपल्या आजोबांना हें कोणी शिकविलें नव्हतें, तरी ठाऊक होतें.

यानंतर सूर्यशक्ति. १०० किलोवॉटच्या सौरफळ्यांना सुमारें हजार चौरस मीटर गच्ची लागते, आणि आपल्या भागांत वर्षाकाठीं १ लाख ४० हजार युनिटांच्या आसपास वीज मिळते. म्हणजे शंभर टनांची बचत. पण क्रम महत्त्वाचा. आधीं पंखे आणि गच्च्या, मग सौरफळ्या. फुटक्या रांजणांत पाणी भरूं नये. शिवाय मे महिन्यांत ऊन भरपूर आणि वर्ग रिकामे, तर रात्रीं वसतिगृहें भरलेलीं आणि सूर्य नाहीं. तेव्हां दिवसाची उरलेली वीज जाळ्यांत देण्याचा करार करावा, आणि रात्रीं आपण अजून कोळशाचीच वीज घेतों हेंहि वहींत मांडावें.

तिसरें खातें सर्वांत अवघड, आणि माझ्या मतें गोंडवाना विद्यापीठाचें खरें खातें तेंच आहे. एका आवारांत नांदणारें हें विद्यापीठ नव्हें. याचीं महाविद्यालयें वरोरा, चिमूर, ब्रह्मपुरी, राजुरा येथें आहेत, तशींच एटापल्ली, अहेरी, भामरागड आणि सिरोंचा येथेंहि आहेत. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशें किलोमीटरांच्या आसपास. एक अधिकारी जीपगाडींतून एकटा तेथें जाऊन परतला तर सुमारें ३३ लिटर डिझेल, म्हणजे ९० किलो कर्बवायु. तोच एस. टी. च्या भरल्या गाडींतून गेला तर त्याच्या वांट्यास पांच-सहा किलो येतो. पण मला चिंता त्या अधिकाऱ्याची नाहीं. एका दाखल्यावर सही हवी म्हणून सिरोंच्याचा मुलगा दोन दिवस आणि बापाची दोन दिवसांची मजुरी खर्च करून जातो-येतो, तिची आहे. त्याच्या फेरींतला कर्बवायु अगदीं थोडा. त्याची गैरसोय मात्र मोठी. दाखले, फेरतपासणी, गुणपत्रिकेंतली दुरुस्ती हीं कामें अहेरीस किंवा सिरोंच्यासच झालीं, तर फेऱ्या वांचतील आणि पोरांचे पैसेहि वांचतील. कर्ब कमी करण्याच्या ज्या योजनेंत गरिबाचा एक फेरा वांचतो, तिला मी पहिला नंबर देईन, मग टनांची बेरीज कांहीं कां येईना.

बांधकामाचाहि विचार याच खात्यांत. आवारपूर, गडचांदूर, घुग्घुस येथें आपल्याच जिल्ह्यांत सिमेंट होतें. चुनखडी भाजली कीं इंधनाचा धूर निघतोच, शिवाय त्या दगडांतूनच कर्बवायु बाहेर पडतो. भट्टी सूर्यशक्तीवर चालविली तरी हा दुसरा भाग थांबत नाहीं. म्हणून नवी इमारत मंजूर करण्यापूर्वीं जुनीच दोन पाळ्यांत वापरतां येईल का, हें एकदां विचारावें.

योजनेचे कागद पुष्कळ होतात. मला तीनच गोष्टी आवश्यक वाटतात. एक आधारवर्ष ठरवावें आणि तें सोईसाठीं पुढें बदलूं नये. विजेच्या बिलांत वांचलेले पैसे वेगळ्या खात्यांत टाकून पुढच्या वर्षींचें काम त्यांतून करावें. आणि दरवर्षीं आंकडे छापावेत, वाढले असले तरीहि. भारतानें २०७० सालापर्यंत निरंक होण्याचा संकल्प २०२१ मध्यें सांगितला आहे. तेव्हां मी नसेन, पुतणीचे केंस पिकलेले असतील. म्हणून पुढल्या जूनचा आंकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि झाडें? तीं लावावींतच. सावली लागते, पांखरें येतात. पण त्यांची वही वेगळी ठेवावी, आणि मोजणी जुलैंत न करतां मे महिन्यांत करावी.

पुतणीनें निबंधांतलें तें वाक्य खोडलें. मग ती ज्या वसतिगृहांत राहते तेथलें विजेचें मीटर दर रविवारीं वाचून लिहावयाचें असें तिनें ठरविलें. पहिल्याच रविवारीं अडचण आली: खोल्या, भोजनगृह आणि पाण्याचा पंप, सर्वांस मिळून मीटर एकच. कोठें किती जळतें तें कळावयास मार्गच नाहीं. तिनें आणि तिच्या मैत्रिणींनीं तीन वेगळीं मीटरें बसवावींत असा अर्ज लिहून गेल्या सोमवारीं दिला आहे. शुद्धलेखन मीं तपासलें. तोंवर पंप किती वेळ चालतो तें त्या घड्याळ लावून लिहून ठेवीत आहेत.