आत गेलेला माणूस आणि त्याची जमीन

(शिर्डी येथे गावप्रतिनिधींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, थोडं कमी करून.)



आयाबायांनो, दादांनो, तुम्ही पहाटेच्या एसटीनं डोंगर उतरून आलात, कितीकांच्या पोटात चहाशिवाय काही नाही. म्हणून फार लांबवत नाही. मला विषय दिलाय तुरुंगाचा. कुणी म्हणेल, आपली लढाई जमिनीची, हा तुरुंग मध्येच कुठून आला? तुरुंग आपल्याला नवा नाही. अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरेंना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पण आज मी फाशीचं बोलत नाही. साध्या जामिनाचं बोलतोय.

माणूस पकडला. कोर्टानं जामीन मंजूर केला. घरी वाटतं, सुटला. पण तो सुटत नाही, कारण जामीनदार लागतो. जामीनदार कोण? ज्याच्या नावावर काहीतरी आहे तो. कोर्टात पहिला प्रश्न, सातबारा आहे का? आता आपल्या पाड्यावर शोधा. आज्यापासून कसलेली जमीन आहे, पण कागदावर ती फॉरेस्टची. आमच्याकडचा एक दादा जामीन मंजूर होऊन पाच महिने आतच होता. त्याचा भाऊ वनहक्काचं प्रमाणपत्र घेऊन गेला. कारकुनानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, ही जमीन विकता येत नाही, हे चालणार नाही, सातबारा आण. अहो, विकता येत नाही म्हणूनच ती आपल्याकडं राहिली! पण हे त्याला कोण सांगणार.

हे काही आजचं नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली. मध्य प्रदेशचा माणूस. खालच्या कोर्टानं त्याला दहा हजाराचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर म्हणे त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालत नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवलं. गरिबाला त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच, असा त्या निकालाचा अर्थ. निकालाला चाळीसच्या वर वर्षं झाली. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे, चारातले तीन.

आता माणूस पाच महिने आत असताना बाहेर काय होतं ते बघा. जूनमध्ये गेला तर भाताची लावणी गेली. वकिलासाठी बैल गेला, नाहीतर शेळ्या गेल्या. आणि पडीक दिसली की जमिनीवर डोळा ठेवणारे येतात, कधी बाहेरचे, कधी आपलेच भाऊबंद. वनहक्काच्या दाव्याची जागेवर पाहणी आली की दावेदार हजर नाही. मग दावा राहिला. माणूस सुटून येतो तेव्हा शिक्षा नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेला असतो, आणि वर जमीनही गेलेली.

इथं एक गोष्ट घट्ट धरा. वनहक्क कायद्याप्रमाणे हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा असतो. ही मेहेरबानी नाही, कलम चारमध्ये लिहिलेलं आहे. नवरा आत आहे म्हणून बाईला परत पाठवलं तर ग्रामसभेनं उभं राहायचं. पाहणीला ती हजर, म्हणजे दावेदार हजर. आणि घरातल्या जुन्या पावत्या जाळू नका. २००५ च्या आधी फॉरेस्टनं दंड केला असेल, अतिक्रमणाची केस केली असेल, कोर्टाचा कागद असेल, तर तुम्ही १३ डिसेंबर २००५ च्या आधी त्या जमिनीवर होता याचा तो पुरावा होतो. ज्या कागदानं आज्याला चोर ठरवलं, तोच नातवाला मालक ठरवतो. (यावर आज्या हसतात, पण पेटीत शोधायला लागतात.)

आमचे पारधी भाऊ इथं बसलेत. त्यांचं दुखणं आपल्यापेक्षा जुनं आहे. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, संशय गेला नाही. तुरुंगाच्या नियमांतसुद्धा जात बघून काम वाटायची तरतूद होती. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते बाहेर काढलं, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते नियम घटनाबाह्य ठरवले, तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला.

नव्या कायद्यात, १ जुलै २०२४ पासून, कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला बॉण्डवर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करायचा. चांगलं आहे. पण त्यातच एक मेख आहे: एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर हा फायदा नाही. आता सांगा, एकाच चोरीच्या संशयावरून तीन ठाण्यांत नाव कुणाचं येतं?

सुटल्यावरचं बोलू. या शिर्डीतच बघा, लॉज आणि हॉटेलं किती आहेत, आपली पोरं कामाला येतात. वॉचमनचं काम म्हटलं की पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागतात. निर्दोष सुटलेला पोरगाही तिथं अडखळतो. मग तो ऊसतोडीला जातो, नाहीतर जाऊन परत आत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं ‘प्रयास’ १९९० पासून तुरुंगात आणि सुटल्यावर अशा लोकांबरोबर काम करतंय, पण आपल्या डोंगरात तसं कुणी नाही.

आणि असं होऊ शकतं, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसलंय. १९३९ ला औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजा भवानरावांच्या काळात पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी स्वतंत्रपूर वसवलं. जन्मठेपेचे कैदी, भिंत नाही, कसायला जमीन. ‘दो आँखें बारह हाथ’ तुम्ही पाहिला असेल, तो त्यावरूनच सुचलेला. कैद्याला जमीन दिली की तो पळत नाही, हे राजाला कळलं. आपल्याला तर फक्त आपलीच हवी आहे.

आता काम. प्रत्येक गावानं आत असलेल्या माणसांची यादी करायची: नाव, तुरुंग, केस नंबर, पकडल्याची तारीख, जामीन मंजूर आहे का. आदिवासीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत, तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट सैल करू शकतं. ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, प्रत दाराशी ठेवली आहे. जेवण झाल्यावर प्रत्येक गावातून एक बाई आणि एक गडी माझ्याकडं या. कागद घेऊन या, फाटलेला असला तरी चालेल.