विहिरीवरील गडगडी व दोर यांची निवड

राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या वाटेला लागले म्हणजे मोताळा येते. नळगंगेचे धरण याच तालुक्यात आहे, तरी काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींचे महत्त्व येथे संपलेले नाही. नळाचे पाणी खंडित झाले की गावाचे पाय पुन्हा त्यांच्याकडे वळतात, आणि मग गडगडी मोडली आहे असे ध्यानात येते. काठावरून वाकून, दगडावर दोर घासत पाणी ओढणे स्त्रियांच्याच वाट्याला येते. त्यात जीवाचा धोका आहे.

गडगडी बदलताना पुष्कळदा केवळ किंमत पाहिली जाते. वास्तविक पहिला विचार भाराचा व्हावयास हवा. स्थिर कप्पीने श्रम कमी होत नाहीत. ओढण्याची दिशा मात्र बदलते. बारा किलोची भरलेली बादली वर येताना ओढणारा हातही तितकेच खाली खेचतो. म्हणून वरच्या आकड्यावर चोवीस किलोंचा भार पडतो, आणि हिसका बसला तर त्याहून अधिक. चाक नवे आणि आकडा गंजलेला, ही काटकसर नव्हे.

दुसरा विचार चाकाच्या आकाराचा. मोटेच्या काळी जाड नाड्यासाठी वरचे चाक मोठे असे व सोंदुरासाठी खाली कणा असे. सुतारांना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक होते. दोराच्या जाडीच्या किमान आठपट चाकाचा व्यास असावा, हा ठोकताळा आजही उपयोगी आहे. लहान चाकावर दोर तीव्र वळतो व आतून तुटत जातो. खाच दोराहून किंचित रुंद असावी. चाक व बाजूची पट्टी यांतील फट मात्र इतकी अरुंद असावी की दोर निसटून तेथे अडकू नये. शिडाच्या जहाजांनाही हीच काळजी घ्यावी लागे. १८०८ च्या सुमारास इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या गोदीत यंत्रांवर वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होत, यावरून तिचे मोल कळावे.

अंबाडीचा दोर हाताला मऊ, पण ओला राहिला की कुजतो. नायलॉन बळकट, परंतु ताणतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त व पाण्यावर तरंगणारा; उन्हाने तो ठिसूळ होतो. बारीक दोर भार पेलत असला तरी तळहात कापतो, म्हणून सुमारे १८ मिलिमीटर जाडी बरी; तिला पंधरा सेंटीमीटरचे चाक शोभते. आसाला वंगण बेताने द्यावे, कारण ते गळून पिण्याच्याच पाण्यात पडते.

दोराची लांबी श्रावणात मोजू नये. वैशाखात पाणी तळाशी गेल्यावर मोजावी, आणि गडगडी काठाच्या आत अशी टांगावी की ओढणाऱ्या बाईला वाकावे लागणार नाही.