करवून घेतलेलं काम इंग्रजीत कसं सांगाल?

शेतीच्या मुलाखतीत आपली मुलं हमखास एक वाक्य बोलतात: ‘आय टेस्टेड माय सॉइल.’ ऐकणाऱ्याला वाटतं, नळी आणि रसायनं घेऊन तपासणी यानेच केली! खरं तर त्याने नमुना प्रयोगशाळेत दिला होता. म्हणजे माती तपासून घेतली होती.

असं दुसऱ्याकडून करवून घेतलेलं काम सांगायला इंग्रजीत ‘हॅव’ येतो. ‘आय हॅड माय सॉइल टेस्टेड.’ आधी ‘हॅड’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा क्रम जपा. ‘आय हॅड टेस्टेड माय सॉइल’ म्हटलंत, की अर्थ पालटतो: मी स्वतःच, आधीच तपासली होती. शब्द तेच, पण तपासणारा बदलला.

काम करणाऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर क्रियापद मूळ रूपात ठेवा: ‘आय हॅड द टेलर स्टिच अ शर्ट.’ गळ घालून करवून घेतलं असेल तर ‘गॉट’, आणि मग ‘टू’ हवाच: ‘आय गॉट हिम टू स्टिच इट.’ भाग पाडलं, तर ‘मेड’, तिथे ‘टू’ नको.

मराठीत हसणे–हसवणे, बसणे–बसवणे अशी प्रयोजक रूपं आपण न शिकताच बोलतो. म्हणून मुलांनी इंग्रजी वाक्याआधी मनात विचारावं: हे मी केलं, की करवून घेतलं?

आणि मोबाईल चोरीला गेला, तरीही हीच रचना चालते: ‘आय हॅड माय मोबाईल स्टोलन.’ इथे मात्र करवून घेणं नाही, फक्त सोसणं आहे.