हक फिन आणि ‘उनाड’ हा शब्द



मार्क ट्वेनच्या १८८४ सालच्या कादंबरीतला हक फिन हा मिसिसिपी नदीवर तराफ्यातून भटकणारा मुलगा. ‘सिव्हिलाइझ’ हा शब्दही त्याला नीट लिहिता येत नाही. त्याच्यासोबत पळून आलेला गुलाम जिम आहे. अशा गुलामाला साथ देणं म्हणजे चोरी, पाप, असंच हकला शिकवलेलं. म्हणून तो जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो. मग आठवतं, की आपल्याला झोपू द्यावं म्हणून जिम आपल्या वाटणीचाही पहारा करायचा. हक पत्र फाडतो. तरी स्वतःला वाईटच समजतो, कारण आपल्या चांगुलपणासाठी त्याच्याकडे शब्दच नाही.

मी मॉनिटर असताना फळ्यावर ‘उनाड मुले’ लिहून खाली रोज एकच नाव लिहायचे. तो उशिरा यायचा, कारण पावसाळ्यात लहान मुलांना ओढा पार करून द्यायचा. मला ते माहीत होतं. बाईंना मी कधीच सांगितलं नाही.

मित्रा, तू आज समोर बसला आहेस. सगळ्यांदेखत तुझी माफी मागते.