बेटे आणि बांध्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी परदेशच्या व्यापारावर बोलावे, याचे तुम्हांला हसू येईल. पण गोष्ट तांदळाची आहे, आणि तांदळाविषयी बोलायचा लाखनीच्या बाईला हक्क आहेच.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. आपल्या मुलखातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे राहतात. मुलांना शाळेत मराठी शिकता येते, गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. वस्ती आपल्या भंडारा जिल्ह्याएवढी, बारा-साडेबारा लाख. शेजारचे सेशेल्स तर लाख-सव्वा लाखाचे.

लहानांनी मिळून राहावे म्हणून १९८२ साली मॉरिशस, सेशेल्स आणि मादागास्कर यांनी ‘हिंदी महासागर आयोग’ काढला. १९८४ मध्ये करार झाला. १९८६ मध्ये कोमोरोस आणि रियुनियन बेटासाठी फ्रान्सही त्यात आले. एका कामात त्यांना यश मिळाले. परक्या बोटी त्यांची मासळी चोरून नेत. एवढा समुद्र एकट्याने राखणे कोणालाच झेपेना. २००७ पासून त्यांनी राखण एकत्र सुरू केली.

बाजाराचे मात्र तसे जमले नाही. बहुतेकांजवळ विकायला सारखाच माल: मासळी, मसाले, साखर. शेजारणीला आपण लोणचे विकत नाही, तिच्याही घरी बरणी असतेच. विकण्यात जमत नसेल, तर निदान विकत घेण्यात तरी एक व्हावे की नाही?

२० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. मग सरकारांच्या विनंतीवरून परवानग्या निघाल्या. ऑगस्टमध्ये मॉरिशसला १४,००० टन, ऑक्टोबरमध्ये सेशेल्सला ८०० टन, नोव्हेंबरअखेर मादागास्करला ५०,००० आणि कोमोरोसला २०,००० टन. आयोग एक, झोळ्या चार! मिळून ८४,८०० टनांचे एकच मोठे गिऱ्हाईक झाले असते. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

हे वाचून मला माझीच लाज वाटली. गेल्या उन्हाळ्यात मंडळाने पापडांसाठी उडदाची डाळ एकत्र आणायचे ठरवले, तेव्हा मीच ‘नाही’ म्हटले. माझे पापड जास्त खपतात, मग माझे पैसे इतरांत कशाला अडकवू, असा माझा हिशेब. पाच-पाच किलो डाळ आणत राहिले. ऐन मोसमात भाव चढला आणि माझे हात रिकामे झाले. तेव्हा तुम्ही तुमच्या पोत्यातून डाळ दिलीत, तीही खरेदीच्या भावाने. कोणी एक शब्द बोलले नाही. तेच मला जास्त लागले.

रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर उभे राहून पाहा. प्रत्येक बांधी पाण्यात बेटासारखी दिसते. वरच्याने पाणी अडवून धरले, तर खालच्याची रोवणी खोळंबते, आणि वरच्याचेही धान साचल्या पाण्यात कुजते. बांध हवाच, पण त्याला पाणी सोडायला वाटही हवी.

यंदाच्या डाळीच्या यादीत माझे नाव लिहा. माझ्या वाट्याचे पैसे मी आज पदराला बांधून आणले आहेत.