बाटलीतला कण, पंपातला कण

दर्यापूरकडच्या एका मेळाव्यात मी नॅनो खतांवर बोलत होतो. शेवटी एक काका उठले, "सर, हे नॅनो फवारताना अंगावर उडालं त काही होते का?"

प्रश्न साधा आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी विचारावं लागतं, अंगावर उडालं ते नेमकं काय?

नॅनोकण म्हणजे साधारण 1 ते 100 नॅनोमीटरचा कण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या अमरावती विद्यापीठात महेंद्र राय सरांच्या गटाने बुरशीच्या मदतीने चांदीचे नॅनोकण बनवण्यावर बरंच काम केलंय. पुढे दुसरीकडे शिकताना मीही चांदीच्याच कणांवर काम केलं, आणि चुकलो.

डिस्टिल्ड पाण्यातले कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, वीसेक नॅनोमीटर भरले. ते पेशींवर घातले, पेशी मेल्या. मी लिहून टाकलं, '20 नॅनोमीटरचे कण विषारी.' मॅडमनी एवढंच विचारलं, "पेशींच्या द्रवात कण केवढे होते?"

मोजलंच नव्हतं! मोजले तर गठ्ठे झालेले. कणांवर विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. द्रवातले क्षार तो जोर कमी करतात आणि कण चिकटतात. शिवाय चांदी थोडी विरघळून आयन सुटतात. मग पेशी मारल्या कोणी? कणांनी, गठ्ठ्यांनी की आयनांनी? आयन वेगळे काढून तपासल्याशिवाय सांगताच येत नाही.

आता वऱ्हाडात या. दर्यापूर, अकोट, तेल्हारा हा पूर्णेचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट. कित्येकदा तेच पंपात जातं, वर एखादं कीटकनाशकही. मग लेबलवरचा कण पंपात तसाच राहतो का? नॅनो कृषी उत्पादनं कशी तपासावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2020 मध्ये आली, 2021 मध्ये नॅनो युरिया आला. माझं म्हणणं एवढंच, की कण खारपाणातही मोजा, आणि विषारीपणाची चाचणी त्याच अवस्थेत करा.

2017 मध्ये यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक जण गेले. ती कीटकनाशकं होती, नॅनो नव्हे. पण पंप पाठीवर घेणाऱ्याच्या श्वासात काय जातं, हे आधी बघायचं असतं, एवढं त्यातून कळायला हवं.

काकांना मी सांगितलं, "तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. बाकीचं उत्तर आमच्याकडे उधार आहे."